परभणीची पहाट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि देवाला तर मुळीच नाही — त्याच्यापुढं उभी राहिले की मला फक्त घरातल्या मागण्या आठवतात. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही. शेजारणीची भाजी खारट झाली तर मी तिच्या तोंडावर सांगते. दिरानं हौसेनं नवी स्कूटर आणली तेव्हा तिचा रंग बघून मी जे बोलले, ते अजून घरात निघतं. अशी बाई एखादी गोष्ट इतकी वर्षं गिळून बसली — का बरं बसली असेल?

गोष्ट पळण्याची आहे. पळून जाण्याची नव्हे, सकाळच्या पळण्याची. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर मोडलं नाही. हसण्यासारखं बरंच आहे तिच्यात, मी स्वतःही हसते. फक्त एका जागी आले की माझं हसू थांबतं. त्या जागेपर्यंत यायचंय मला — पण थेट नाही येता येत, जरा वळसा घालून येते.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. शाहूपुरीत आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. दळणाचा डबा घेऊन जिना चढताना एक दिवस मला मधेच थांबावं लागलं, आणि वरून सासूबाईंचा आवाज आला, "काय गं, तिथंच मुक्काम हाय का?" झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नववीतल्या मुलाचे कॅनव्हासचे बूट घातले, ओढणी कमरेला करकचून बांधली, मोपेड काढली आणि रंकाळ्यावर जाऊन पळायला लागले. त्या काळी कोल्हापुरात पहाटे पळणारी बाई म्हणजे एक तर पोलीस भरतीची, नाहीतर घरात भांडून निघालेली. तालमीतून येणारी पोरं ओरडायची, "ओ मावशी, यष्टी चुकली काय?" मी पळता पळताच ओरडायची, "तुझ्या आईकडं चाललीया सांगायला. येतोस का?" आठवड्याभरात पोरं गप्प झाली. पुढं पुढं वाट सोडून उभी राहायला लागली.

मग मी मंगलला ओढली. मंगल माझी धाकटी जाऊ, कुरुंदवाडची. कमी बोलणारी, पण एकदा हो म्हटलं की झालं. महिनाभर ती "नगं आक्का, लोकं काय म्हणतील" करत राहिली आणि एका पहाटे स्वतःच जिन्यात उभी दिसली — साडी पोटरीवर खोचलेली, पायांत भावोजींचे बूट, बुटांत पुढं कोंबलेला कापूस. पहिल्या दिवशी तिला अर्धा रंकाळासुद्धा झेपला नाही. पण त्यानंतर ती एकही दिवस चुकली नाही. पळणं झालं की आम्ही गंगावेशीत जायचो. तिथं म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. पळून जेवढं उतरवलं तेवढं तिथं भरून घरी यायचो. दोघींचं वजन कधी कमी झालं नाही. दम मात्र वाढला. सासूबाई सगळ्या आळीला सांगायच्या, "आमच्या सुना घोड्यावानी पळत्यात." कौतुक की तक्रार, ते कळायचं नाही.

पुढं मी नोकरी धरली. घरगुती पिठाच्या चक्क्या बनवणारा एक कारखाना होता, त्यांना प्रदर्शनांत चक्की चालवून दाखवायला बाई हवी होती. मोठ्या आवाजाची, न लाजणारी. मीच की! सोलापूर, नांदेड, परभणी, हुबळी — गावोगावी आठ-आठ दिवस मुक्काम. दिवसभर गहू, ज्वारी, बेसन दळून दाखवायचं आणि संध्याकाळी पीठ बसलेले पांढरे केस झटकत लॉजवर यायचं. काम मला फार आवडायचं. एकच अडचण होती. पळण्याचं काय?

त्यावर मीच तोडगा काढला. पहाटे रेडिओ सुरू होताना धून वाजते ना, ती सगळीकडं एकाच वेळी वाजते. मंगलला म्हटलं, "धून वाजली की तू इकडं पळायचंस, मी तिकडं. म्हणजे बरोबरच पळल्यासारखं." तिला ते फार आवडलं. "तुमचा शब्द?" तिनं विचारलं. "माझा शब्द," मी म्हटलं.

आता बघा, मी अगदी पहिल्यापासून खोटी नव्हते. सोलापूरला, पहिल्याच मुक्कामात, धून वाजायच्या आधी मी बूट घालून लॉजच्या दारात उभी होते. निघाले. दोन वळणं गेले असेन. मागून एक रिक्षा आली. "ओ बाई, गाडी चुकंल म्हणून पळताय का? बसा की, स्टँडवर सोडतो." मी नको म्हटलं. तो बिचारा भला माणूस, हळूहळू शेजारून रिक्षा चालवत राहिला — "अवो बसा, पैसे नका देऊ." नळावर पाणी भरणाऱ्या बाया कळशा खाली ठेवून बघायला लागल्या. कुणीतरी विचारलं, "काय झालं? कोण मागं लागलंय?" कुणीच लागलं नव्हतं. पण मला एकदम कसंतरी झालं. मी — तालमीच्या पोरांना गप्प करणारी मी — वळले, ओढणी डोक्यावर घेतली आणि खाली मान घालून चालत लॉजवर परत आले.

त्या दिवशी मला कळलं की माझं धाडस माझं नव्हतंच, ते आमच्या आळीचं होतं. कोल्हापुरात मी कुणाची सून, कुणाची आई, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून माझा आवाज चढायचा. सोलापुरात मी कोण? नुसती एक पळणारी बाई. दुसऱ्या पहाटे मॅनेजरच्या टेबलावरच्या रेडिओची धून मला अंथरुणात ऐकू आली. मी कूस बदलली. तिसऱ्या पहाटे ऐकूही आली नाही.

घरी आले तर मंगल दारातच उभी. "आक्का, पळलासा न्हवं? मी एक दिस बी चुकवला न्हाय." मी म्हटलं, "व्हय की."

दोन शब्द. एवढंच. त्यात काय मोठंसं — असं तुम्हाला वाटेल. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

पण माझा स्वभाव असा की अर्धं काम मला जमत नाही. खोटं बोलायचं तर तेही नीट. नांदेडहून आले तेव्हा मी गोदावरीच्या काठानं पळाले होते. हुबळीत म्हणे माझ्याबरोबर एक कानडी म्हातारा पळायचा. मंगल डोळे मोठे करून ऐकायची आणि रंकाळ्यावर येणाऱ्या बाकीच्या बायकांना सांगायची. तोवर आम्ही दहा-बाराजणी झालो होतो. मग त्या मला विचारायला लागल्या — परगावी पळणं टिकवायचं कसं? मी लगेच सांगायला लागले. बूट पिशवीत सगळ्यात वर ठेवायचे. रात्री पळायच्या कपड्यांतच झोपायचं, म्हणजे पहाटे निमित्त उरत नाही. रस्ता लॉजच्या मॅनेजरला विचारायचा नाही, तो झोपलेला असतो. दूधवाल्याला विचारायचा, त्याला कुत्रीसुद्धा माहीत असतात. पहिल्या संध्याकाळी वाट उजेडात चालून बघायची. खोलीची किल्ली रुमालात घालून मनगटाला बांधायची. हे सगळं मी लॉजच्या पलंगावर पडून, छताकडं बघत रचलेलं. मजा म्हणजे ते खरं निघालं! आमच्यातली एक नर्सबाई नाशिकला ट्रेनिंगला गेली आणि रोज पळून आली. माझ्यासाठी चिवडा घेऊन आली. म्हणाली, "आक्का, ते दूधवाल्याचं एकदम बरोबर निघालं." माझ्या थापांवर बायका गावोगावी पळत होत्या. पळत नव्हती ती फक्त मी.

इथपर्यंत हसा. इथपर्यंत मीही हसते.

मग मंगलच्या आईचं मांडीचं हाड मोडलं आणि मंगल दोन महिने कुरुंदवाडला राहिली. जाताना बूट घेऊन गेली, पिशवीत सगळ्यात वर. परत आली त्या दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात मेथी निवडत होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती खाली बघतच म्हणाली, "आक्का, तुमचा शब्द मोडला मी. धून वाजली की पळता न्हाय आलं मला."

मी विचारलं, का गं?

तिनं सांगितलं ते असं. पहिल्या संध्याकाळी तिनं नदीकडची वाट चालून बघितली. चांगली होती. पहाटे अंधारात धून वाजल्यावर ती निघाली. थोडं पुढं गेली तर वाटेच्या कडेला काही हललं. बायका होत्या, परसाकडं बसलेल्या. तिच्या बुटांचा आवाज ऐकून सगळ्या उठून उभ्या राहिल्या. तोंड फिरवून. ती पुढं जाईपर्यंत तशाच. परत येताना पुन्हा तेच. "एक म्हातारी हुती आक्का. तिला उठाय येईना. शेजारणीनं बखोटीला धरून उठीवलं तिला. माज्यामुळं. दिसभर त्यास्नी जायला मिळत न्हाय, आन् ह्या एका घटकंत मी तिथनं धावत चाललीया."

दुसरी वाट? गावाबाहेर जाणाऱ्या सगळ्या वाटांवर तेच. म्हणून मंगल उजाडल्यावर पळायला लागली, चांगलं लख्ख ऊन आल्यावर. म्हणजे काय, कळतंय ना? अंधारात तिला कुणी ओळखलं नसतं. उजेडात सगळं माहेर दारात उभं राहून बघत होतं. लहानपणापासून ओळखणारी माणसं. कुणी म्हणालं, सासरी डोक्यावर परिणाम झालाय. कुणी तिच्या आईला येऊन विचारलं. "हसू द्यात की," मंगल म्हणाली. "पर ती म्हातारी उठायची थांबली."

दोन महिने ती तशी पळाली. आणि आता माझ्यापुढं बसून माफी मागत होती, की धून वाजताना पळाले नाही. मी काय केलं? मी तिला माफ केलं. मेथीच्या काड्या बाजूला सारत, मोठ्या मनानं, "असू दे, एखाद वेळी चालतंय" म्हणाले.

जाताना ती म्हणाली, "कुणाला सांगू नगासा. माज्या गावची अब्रू हाय."

मी सांगितलं. कुणा एकीला नव्हे, भरल्या सभागृहात.

त्याच वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळानं माझं भाषण ठेवलं — प्रवासातही व्यायाम कसा टिकवावा. शेवटी माझा सत्कार होता. मी माझ्या युक्त्या सांगायला सुरुवात केली. बूट, किल्ली, दूधवाला. पण बायकांनी त्या आधीच ऐकलेल्या. कुणी वाण मोजत होती, कुणी पोराचं नाक पुसत होती, मागच्या रांगेत तर अल्पोपाहाराच्या बशांचा आवाज सुरू झाला. मला पडती बाजू सहन होत नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, "परभणीला एकदा काय झालं…"

मी सगळं सांगितलं. वाट, अंधार, उठणाऱ्या बायका. म्हातारी सांगितली. बखोट सांगितलं. मी कशी मग लख्ख उन्हात पळायला लागले आणि परभणी कशी हसली, तेही सांगितलं. "हसू द्यात की" — हेसुद्धा मी तिच्याच आवाजात म्हटलं. मागच्या रांगेतल्या बशांचा आवाज थांबला. अध्यक्षीणबाईंनी डोळ्याला पदर लावला.

मंगल तिसऱ्या रांगेत बसली होती. मी बोलताना तिच्याकडं बघितलं नाही. ती उठून गेली असती तर? ओरडली असती तर? मला वाटतं मी त्या क्षणी तेच धरून चालले होते, आणि तरी थांबले नाही. थांबायला मला भरपूर जागा होती. म्हातारीच्या आधी थांबता आलं असतं.

टाळ्या झाल्या. शाल, नारळ, आणि आमच्या पद्धतीप्रमाणं भगवा फेटा. बांधणाऱ्यानं तो इतका घट्ट बांधला की भुवया वर गेल्या आणि माझा चेहरा सारखा आश्चर्य वाटल्यासारखा दिसायला लागला. तो सोडता येईना, म्हणून तसाच ठेवून मोपेडवर बसले. मागं मंगल, तिच्या मांडीवर माझी शाल, माझा नारळ. दसरा चौकात लोकांनी हात केले. मी हात केला नाही. मी मागून येणाऱ्या आवाजाची वाट बघत होते.

तो सिग्नलला आला. "आक्का, तुमाला बी म्हातारी दिसली?"

मी म्हटलं, "व्हय की."

तिनं मांडीवरची शाल सारखी केली. मग एक लांब श्वास सोडून म्हणाली, "म्हंजी सगळीकडं तसंच हाय म्हणायचं. मला वाटत हुतं, आमच्याच गावात. लई वाईट वाटायचं वो. आता बरं वाटलं बघा." आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिला बरं वाटलं होतं. माझ्या चोरीनं. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले, मी निघाले.

ही ती जागा, जिथं माझं हसू थांबतं. पण गोष्ट तिथं संपत नाही. मन हलकं झाल्यावर मंगल तिचा अनुभव इतरांना सांगायला लागली. गंगावेशीत दुधाचा ग्लास हातात घेऊन तिनं एकदा सुरुवात केली — "आमच्या कुरुंदवाडला…" — आणि दोघीतिघी एकदम म्हणाल्या, "व्हय गं, आक्कांचं परभणीचं! आमी ऐकलंय." एक तर थट्टेत म्हणाली, "मंगल, आक्कांची गोष्ट पळवतीस व्हय?" सगळ्या हसल्या. मंगलही हसली. मी दूध पीत होते. ग्लास तोंडाला लावलेला असला की बोलावं लागत नाही. त्यानंतर तिनं ती गोष्ट तिची म्हणून कधी सांगितली नाही.

मी त्या फेट्यानंतर परगावी खरंच पळायला लागले. निपाणीत, मग बार्शीत, मग पुढं सगळीकडं. रिक्षावाले अजून विचारतात, मी हात हलवते. आज मला त्यातलं सगळं ठाऊक आहे. पण ते नंतरचं, आणि त्यानं मागचं काही बदलत नाही. हे मी स्वतःला एकदाच सांगितलं, पुन्हा सांगायची वेळ येऊ दिली नाही.

काही वर्षांनी, आमच्यातल्या कॉलेजच्या मुलींकडं मोबाइल आले होते तेव्हा, आम्ही सगळ्या मिळून पन्हाळ्याला मुक्कामाला गेलो. पहाटे अंधारातच त्या मुली बूट घालून तयार — खालच्या वाडीकडं उतरून पळत यायचं म्हणत होत्या. मंगल दारात आडवी उभी राहिली. "थांबा गं. उजाडू द्यात."

"का वो काकू? भ्यालासा व्हय?" एकीनं खोडी काढली.

"भ्यायला काय हाय. ऐका. आमच्या आक्का परभणीला गेलत्या…"

आणि तिनं सगळी गोष्ट सांगितली. वाट, अंधार, बुटांचा आवाज. म्हातारीला उठता येईना, हे सांगताना तिचा हात आपोआप पुढं झाला, कुणाला तरी आधार दिल्यासारखा. माझ्या तोंडी ती गोष्ट कधी इतकी खरी वाटली नव्हती. मुली माझ्याकडं बघायला लागल्या. त्या बघण्यात मान होता. मंगलच्याही. मी पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. ती बांधून झाली होती. मी सोडली आणि परत बांधली.

त्या म्हातारीला मी कधी बघितलेलं नाही. ती कुरुंदवाडची होती. तिच्यासाठी भर उन्हात, सगळ्या माहेरासमोर पळाली ती मंगल. त्या वर्षी परभणीत मी आठ दिवस होते, आणि आठही पहाटे झोपले होते.